शाळा, चर्च आणि घर यांच्यामधले मूल

वसई, जि. पालघर

प्रिय मैत्रिणीस,
सप्रेम नमस्कार.

प्राथमिक विभागाच्या मुख्याध्यापिकेची जबाबदारी तुझ्याकडे आल्याचे वाचून मनापासून आनंद झाला. मुलांच्या मनःस्वास्थ्यासाठी आठवड्यातून एक वेगळी तासिका ठेवावी की बाहेरून समुपदेशक बोलवावा, असे तू विचारले आहेस. दोन्ही अवश्य कर. परंतु मुलाचे मन आणि मुलाचा अभ्यास ही दोन वेगळी खाती नाहीत, असे माझे ठाम मत आहे. आणि कॅथलिक शाळेला जे काम इतरांपेक्षा सहज साधू शकते, ते एका तासिकेत मावणारे नाही. मुलाचे घर ओळखणारी माणसे आपल्याकडे शाळेच्या आवारातच असतात. कोणाच्या घरी आजारपण आहे हे फादरांना ठाऊक असते, सिस्टर घरभेटी देऊन आलेल्या असतात, लहान ख्रिस्ती समूहाच्या, म्हणजे शेजारपाजारच्या ख्रिस्ती कुटुंबांच्या गटाच्या, बैठकीत कोणाची नोकरी गेली आणि कोणाच्या घरात वाद आहे हे कानावर आलेले असते. एवढे असूनही वर्गशिक्षिकेला त्यातले काहीच माहीत नसते, असे वारंवार घडते. हे अंतर मिटवणे हेच मुख्याध्यापिकेचे पहिले काम, असे मी म्हणेन.

माझ्या तिसरीच्या वर्गातल्या एका मुलीचे सांगते. जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हापासून तिच्या वहीतल्या ओळी अर्ध्यावर सुटत होत्या. पहिले तीन-चार शब्द टपोऱ्या, नीट अक्षरात, मग पेन्सिल उचललेली, आणि पुढच्या ओळीवर पुन्हा तोच पहिला शब्द. अशा वहीवर सहसा ‘लिखाणात लक्ष नसते’ असा शेरा पडतो. २०१० पासून आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले आणि प्रत्येक मुलाची वर्णनात्मक नोंद ठेवण्याची फार चांगली पद्धत सुरू झाली. पण कामाच्या रेट्यात त्या नोंदी ठरावीक वाक्यांतून उतरवल्या जातात, आणि ‘शांत बसते’, ‘लक्ष कमी आहे’ यांच्यापुढे कोणी विचारत नाही. या मुलीची आजी मे महिन्यात वारली होती, हे मला आमच्या शाळेच्या मावशींकडून कळले. अंत्यविधीला निम्मे गाव चर्चमध्ये होते. परंतु ही नात रोज त्या आजीच्या कुशीत झोपत होती, ही गोष्ट शाळेपर्यंत आलेली नव्हती.

मग मी तिला शुद्धलेखनाऐवजी आजीविषयी हवे ते लिहायला सांगितले. पहाटे पानवेलीची पाने खुडायला निघताना आजी या नातीच्या अंगावर गोधडी नीट घालून जायची, एवढे तिने लिहिले, आणि ती ओळ मात्र पूर्ण केली. काही दिवसांनी तिने मला विचारले, ‘देवाकडे एवढी माणसे असताना त्याला आमचीच आजी का हवी होती?’ ‘देवाला चांगली माणसे आवडतात’ हे आपल्या तोंडी सहज येणारे उत्तर मुलाला किती भीतिदायक वाटत असेल, याचा विचार आपण श्रद्धावंतांनी करायला हवा. पुनरुत्थानावरील श्रद्धेचा मला स्वतःला मोठा आधार आहे; तरीही दुःखात असलेल्या मुलाला आधी बोलू द्यावे, आणि सांत्वनाची घाई करू नये, असे मला वाटते. नोव्हेंबर हा आपल्याकडे मृतांच्या स्मरणाचा महिना. त्या महिन्यात आम्ही वर्गात एक कोरी वही ठेवतो आणि ज्याला आपल्या गेलेल्या माणसाचे नाव लिहायचे असेल तो लिहितो. ख्रिस्ती नसलेली मुलेही लिहितात. एका मुलाने आपल्या कुत्र्याचे नाव लिहिले होते; ते आम्ही तसेच राहू दिले.

माहिती वर्गापर्यंत यावी असे म्हणताना एक दक्षता सांगितलीच पाहिजे. धर्मग्राम, म्हणजे एका चर्चभोवतीचा ख्रिस्ती समाज, लहान असते आणि बातमी लवकर पसरते. त्यामुळे वर्गशिक्षिकेला कळावे ते केवळ मुलाला सांभाळून घेण्यापुरते. कारण, तपशील आणि घरातली उणीदुणी शिक्षक खोलीत चर्चेला येता कामा नयेत. याला अपवाद एकच. मुलावर लैंगिक अत्याचार होत असल्याची शंका आली, तर ती गोष्ट पोटात ठेवण्याचा अधिकार आपल्यापैकी कोणालाही नाही. मुलांना अशा अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आणि आरोप कोणावर आहे, संस्थेचे नाव खराब होईल का, हे प्रश्न तेथे उद्भवतच नाहीत. जगभरच्या चर्चने या बाबतीतल्या मौनाची किंमत लहान मुलांकडून वसूल होताना पाहिली आहे. १०९८ हा मुलांसाठीच्या मदतवाहिनीचा क्रमांक मुलांना वाचता येईल एवढ्या उंचीवर आणि एवढ्या मोठ्या अक्षरात लाव.

आता शिक्षेविषयी. शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी केली. पुढे २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने अल्पसंख्याक संस्था त्या कायद्याच्या कक्षेबाहेर राहिल्या. याचा अर्थ आपल्याला मोकळीक मिळाली असा कोणी काढला, तर त्याला गरीब मुलांसाठी शाळा काढणारे इटलीतले धर्मगुरू संत जॉन बॉस्को यांची आठवण करून दे. शिक्षेच्या धाकापेक्षा समज, श्रद्धा आणि जिव्हाळा यांवर शिस्त उभी करावी, ही त्यांची पद्धत त्यांनी १८७७ मध्ये लिहून ठेवली, आणि १८८४ च्या रोमहून लिहिलेल्या पत्रात मुलांवर प्रेम असणे पुरेसे नाही, ते प्रेम मुलांना जाणवलेही पाहिजे, असे बजावले. कायदा लागू असो वा नसो, आपल्या परंपरेने आपल्याला त्याहून कडक बंधन घातलेले आहे. माझ्या पाहण्यात तरी पट्टी उगारणाऱ्या शिक्षिकेच्या वर्गात मुले प्रश्न विचारत नाहीत, आणि प्रश्न न विचारणारे मूल कुठे अडले आहे ते कोणाला कळत नाही.

वाचनात मागे राहणाऱ्या मुलांबद्दल तू काळजीने लिहिले आहेस. आमच्याकडे घरात कोणी कादोडी बोलते, कोणी वाडवळी, कोळीवाड्यातल्या मुलांची बोली निराळी, आणि चाळींत राहायला आलेल्या उत्तर भारतीय कुटुंबांत भोजपुरी असते. पुस्तकातली मराठी या सर्वांनाच थोडी परकी. म्हणून पहिली-दुसरीत मूल आधी आपल्या बोलीत गोष्ट सांगते. ती मी फळ्यावर तिच्या काही शब्दांसह प्रमाण मराठीत लिहिते, आणि मग सारा वर्ग ती वाचतो. स्वतःची गोष्ट वाचताना जोडाक्षरापाशी अडखळलेले मूलही माघार घेत नाही. बोलीत बोलले म्हणून हसण्याची सवय मात्र पहिल्याच आठवड्यात मोडावी लागते, आणि ती शिक्षकांचीही मोडावी लागते.

ख्रिस्ती नसलेल्या मुलांविषयी थोडेच लिहिते. अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय कोणत्याही मुलाला धर्मशिक्षणाला बसवता येत नाही, हे राज्यघटनेच्या २८ व्या अनुच्छेदात आहेच. पण त्या वेळात ही मुले व्हरांड्यात नुसती बसून राहू नयेत. त्यांच्यासाठी चांगले मूल्यशिक्षण, गोष्टी, चित्रकला असे काही मनापासून आखलेले हवे. नाहीतर शाळा आपली नाही, हे आपण त्यांना न बोलता शिकवतो.

पालकांच्या बाबतीत मला अधिक चिंता वाटते. जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६५ च्या ख्रिस्ती शिक्षणविषयक जाहीरनाम्यात आईवडील हेच मुलाचे पहिले आणि प्रमुख शिक्षक मानले आहेत. प्रत्यक्षात विरार लोकलने रात्री उशिरा परतणाऱ्या आईवडिलांना मूल जागे असताना भेटणेही कठीण होते, आणि त्याची भरपाई म्हणून पहिलीपासून शिकवणी लावली जाते. शाळा, शिकवणी, शनिवारी नृत्याचा वर्ग, रविवारी मिस्सा म्हणजे चर्चमधली उपासना आणि धर्मशिक्षण, असे आखलेले मूल खेळते कधी? पालकसभेत मी दर वेळी हेच विचारते. पहिल्या कम्युनियनच्या, म्हणजे मुलाने मिस्सात प्रथमच पवित्र भाकर स्वीकारण्याच्या विधीच्या, तयारीचे वर्ष सहसा तिसरी-चौथीत येते. तेव्हा पाठांतराचा भार एकदम वाढतो. त्या काळात गृहपाठ कमी करावा, यासाठी आमच्या फादरांशी आणि वर्गशिक्षिकांशी मी आग्रहाने बोलले आणि दोघांनीही ते मानले.

तुझ्याकडची परिस्थिती माझ्याहून अवघड आहे, याची मला जाणीव आहे. नगर भागातल्या मिशन शाळांच्या बोर्डिंगमध्ये ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांची मुले असतात, आणि दिवाळीनंतर चार-पाच महिने आईबापांची भेट होत नाही. तेथे घर ओळखणारे कोणी जवळ नसते, म्हणून संध्याकाळी अभ्यासाला बसवणारी व्यक्तीच त्यांचे घर होते. त्या व्यक्तीची निवड तू स्वतः कर, आणि मुलांना आईवडिलांशी फोनवर बोलण्याचा वार व वेळ ठरवून दे. मुकादमाच्या फोनवरून का होईना, पण ठरलेल्या वारी तो आलाच पाहिजे, कारण मूल आठवडाभर त्याची वाट पाहते. मुले टोळीबरोबर निघून गेली तर त्यांचे वाचन कुठपर्यंत आले होते, हे तुम्ही कसे नोंदवता, ते मला सविस्तर कळव. आमच्याकडेही हंगामी कामावरच्या कुटुंबांची मुले वर्षाच्या मध्यात येतात आणि जातात, आणि त्यांच्यासाठी तुझी पद्धत मला हवी आहे.

तुझी मैत्रीण