वळू, गायी आणि ८२ दिवस: आमच्या डॉक्टरांचे जाहीर आभार

आदरणीय डॉक्टर,
सप्रेम नमस्कार.

यंदाची गाभण तपासणी उरकली आणि हे पत्र लिहायला बसलो. तोंडावर आभार मानले की तुम्ही लगेच पुढच्या गायीकडे वळता, म्हणून सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय. मांसासाठी गुरं पाळणाऱ्या इतरांनाही यातलं काही उपयोगी पडेल.

तुम्ही पहिल्यांदा आलात ते वळू बघायला. आम्ही सगळे त्याच्या भरदार खांद्यांकडे कौतुकानं बघत होतो. तुम्ही आधी त्याचे पाय, खूर, डोळे बघितलेत, फितीनं अंडकोशाचा घेर मोजलात आणि वीर्याचा थेंब कोमट काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरलात. मलाही बघायला लावलंत. कित्येक शुक्राणूंच्या शेपट्या मुडपलेल्या, काही जागच्या जागी गरगरणारे. "मध्यंतरी याला ताप आला होता का?" तुम्ही विचारलंत. आला होता. शुक्राणू तयार व्हायला साधारण दोन महिने लागतात, त्यामुळे उतरलेल्या तापाचा परिणाम नंतर कितीतरी दिवस दिसत राहतो, हे तेव्हा कळलं. तुम्ही त्याला काढून टाका म्हणाला नाहीत. त्या मोसमाला दुसरा वळू सोडायला सांगितलंत आणि याला विश्रांती देऊन पुन्हा तपासलंत. तो पास झाला, आजही कळपात आहे. एका वळूच्या भरवशावर २५-३० गायी असतात. एक गाय उलटली, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आली, तर एका वासराचा प्रश्न असतो, वळूच कमजोर निघाला तर अख्खं वर्ष जातं. तपासणी मोसमाच्या निदान दोन महिने आधी, हा तुमचा आग्रह आता आमचा नियम झालाय.

पण माझ्या लेखी तुमचं सगळ्यांत मोठं देणं म्हणजे ८२ दिवसांचं गणित. गाय साधारण २८३ दिवस गाभण राहते. वर्षाला एक वासरू हवं तर उरले ८२ दिवस. तेवढ्यात गर्भाशय पूर्ववत व्हायचं, माज परत यायचा आणि गाय फळायची. चांगल्या अंगाची जुनी गाय विल्यावर दोनेक महिन्यांत माजावर येते. पहिलारूला, म्हणजे पहिल्यांदाच विलेल्या गायीला, त्याहून बराच वेळ लागतो, कारण ती स्वतः वाढत असते आणि वासराला पाजतही असते. म्हणून कालवडी गायींच्या तीन आठवडे आधी वळूकडून भरवून घ्यायच्या, म्हणजे विल्यावर त्यांना तेवढे दिवस जास्त मिळतात. आणि भरवतानाही वय मोजण्याआधी वजन बघायचं: मोठेपणी होणाऱ्या वजनाच्या ६० ते ६५ टक्के.

बरगड्यांवरून हात फिरवायला तुम्हीच शिकवलंत. शेपटीच्या बुडाशी किती चरबी आहे, माकडहाड किती टोचतं, हे बोटांनी चाचपून १ (अगदी रोड) ते ९ (फार लठ्ठ) मध्ये गुण द्यायचे. विताना जुनी गाय ५ वर हवी, पहिलारू ६ वर. विल्यानंतर कितीही चारा घातला तरी आधी तो दुधात जातो, अंगावर चढायला वेळ लागतो. म्हणून खुराक विण्याच्या तीन महिने आधीच वाढवायचा. माझ्या मते माजावरच्या कुठल्याही औषधापेक्षा ही एक गोष्ट जास्त कामाची आहे.

आता आम्ही वळू ६३ दिवसच कळपात ठेवतो. माज साधारण २१ दिवसांनी येतो, म्हणजे प्रत्येक गायीला माजाच्या तीन संधी. वासरं एका मापाची होतात आणि विण्याच्या दिवसांत रात्रीचा पहारा मनापासून देता येतो. बाहेरचा वळू आणताना ट्रायकोमोनास आणि कॅम्पिलोबॅक्टर या समागमातून पसरणाऱ्या रोगजंतूंची तपासणी झाल्याशिवाय तो गायींत जात नाही. हे रोग वळूत दिसत नाहीत, गायींत मात्र गर्भ गिळतात.

गाभण तपासणीच्या दिवशी तुमचा हात खांद्यापर्यंत भरून येतो. तरी शेवटच्या गायीलाही तुम्ही पहिलीइतकाच वेळ देता. शंका असेल तर अंदाज सांगत नाही, पुन्हा तपासता. रिकामी निघालेली गाय तुम्ही स्पष्ट "रिकामी" म्हणता आणि मग थांबून तिचं वय, दात, अंग आणि मागचं वेत विचारता. त्या प्रश्नांमुळेच आमच्या वहीत आता प्रत्येक गायीचं पान आहे.

यासाठी आमच्या घरातल्या प्रत्येकाकडून तुमचे मनापासून आभार. वळूंच्या तपासणीसाठी तुम्ही सांगाल त्या दिवशी खोडा आणि पाणी तयार ठेवतो.

आपला नम्र,
कळप सांभाळणारा एक पशुपालक