सुमे, मंगल तुझ्याकडं येतेय

धारूर, 9 ऑक्टोबर

सुमे,

दोन वर्षं पत्र नाही आणि आता काम पडलं म्हणून लिहितेय, हे तू म्हणायच्या आधी मीच म्हणते. फोन केला असता तर पहिल्या मिनिटाला भांडलो असतो. तब्येत ठीक. गुडघा कुरकुरतो, चालायचंच.

माझ्या धाकट्या भावाची बायको मंगल, लग्नात पाहिलंस ना, आता सव्वीसची, पदरात दोन पोरं. नवरात्रात माहेरी गेले तर म्हणाली, "आक्का, गर्भाची पिशवी काढायचं ठरवलंय. दिवाळीच्या आत. मोकळी होऊन ऊस तोडायला कारखान्याला जाते." शेळी विकायचं सांगावं तसं. आणि मी आशा सेविका! गावभर 'पिशवी काढू नका' सांगत फिरणारी. हसू नकोस.

अंगावरून पांढरं जातंय, ओटीपोट दुखतं. एका खासगी डॉक्टरनं सोनोग्राफी दाखवून 'पुढं कॅन्सर होईल' म्हणून सोडलं. कागद मी वाचला, नुसती सूज. आपल्या बीड जिल्ह्यात 2019 पासून सिव्हिल सर्जनची परवानगी लागते म्हटलं, तर म्हणाली, "मग दुसऱ्या जिल्ह्यात करू." पुढं मलाच हिशेब घातला. एका खाड्याचा दंड पाचशे, पाळीचे महिन्याला तीन खाडे, पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, सहा महिने. "नऊ हजार झाले, आक्का. ऑपरेशन एकदाच." ऑपरेशनचे पैसे कोण देणार? टोळीचा मुकादमच, आगाऊ उचलीत धरून. पहाटे तीनला फडात, रात्री गाडी भरायची, आडोसा नाही, पाणी नाही. मी काय उत्तर देणार होते?

त्या 2019 च्या पाहणीचा आकडा आम्हाला बैठकीत सांगितला होता. जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड बायका तपासल्या, 13,861 जणींच्या पिशव्या काढलेल्या. सगळ्या हळहळल्या. मी मनात म्हटलं, यात आपल्या दोघींच्या आया धरल्याच नसणार, त्यांनी तोवर कोयता खाली ठेवला होता.

आता खरं सांगते. दहावीच्या सुट्टीत नदीवर तू म्हणालीस, "तुझ्या आईनंच माझ्या आईला पिशवी काढायला त्या दवाखान्यात नेलं." मी तुला ढकललं, तुझी चप्पल वाहून गेली. चपलेचे पैसे अजून काढतेसच. पण सुमे, नेलं होतं. आई गेली त्या उन्हाळ्यात तिनंच सांगितलं, "मला आधी बरं वाटलं, म्हणून तिलाही नेलं गं." पुढं दोघींची हाडं कशी झाली ते आपण पाहिलंय. तिशीत म्हाताऱ्या. हे तुला सांगायला मी इतकी वर्षं घेतली.

मंगलला सरकारी दवाखान्यात दोनदा नेलं. पहिल्यांदा डॉक्टरबाईंची ड्यूटी दुसरीकडं, रिक्षाभाडं पाण्यात. दुसऱ्यांदा बाई भेटल्या, नीट तपासलं, गोळ्या दिल्या. दोघांनी घ्यायच्या म्हणाल्या. आमचे बंधुराज म्हणतात, "मला काय धाड भरलीय?" मी समोर उभी राहून गिळायला लावल्या, लहानपणी जंताची गोळी द्यायचे तशा. महिन्यानं परत दाखवा, असं कागदावर लिहिलंय. महिन्यानं ती फडात.

टोळी यंदा कराडकडं येतेय, तुझ्यापासून जवळच. कारखाना बंद असेल त्या दिवशी तिला दवाखान्यात ने, एवढंच. कागद तिच्या पिशवीत आहे (धान्याच्या!). पॅडची पाकिटं नेऊ नकोस, कोपीपाशी टाकायला जागा नसते. मऊ सुती कापड दे. आणि तुझ्या मोरीत तिला एकदा पोटभर गरम पाण्यानं आंघोळ करू दे.

ओंकारची बारावी कशी झाली? सासूबाईंचा डोळा? भाऊजींना नमस्कार.

मुकादमाला सांग, मंगलची मावसबहीण आहे. माझं नाव काढू नकोस, गेल्या साली त्याला मी चारचौघांत झापलंय.

तुझी,
कुसुम