टर्मिनलही उघडलं, मराठीही राहिली : मालवणच्या ताईंना आभारपत्र

ताई,
सप्रेम नमस्कार.

त्या दिवशी तुम्ही आमचा अडलेला कॉम्प्युटर फोनवरून मार्गी लावलात, पण गाडी भरायची घाई होती, म्हणून नुसतं ‘थँक्यू’ म्हणून ठेवला. तेवढ्यावर भागवणं बरं वाटलं नाही. आता सीझनचा जोर ओसरलाय, तेव्हा सविस्तर लिहितोय, आणि मुद्दाम सगळ्यांसमोर लिहितोय. आपल्या भागात लिनक्सवर (विंडोजसारखीच कॉम्प्युटर चालवणारी प्रणाली) काम करणारे थोडे नाहीत, त्यांनाही उपयोग होईल.

एप्रिलअखेर देवगडात कुणाला मान वर करायला फुरसत नसते, हे तुम्हाला सांगायला नको. आमच्या शेडमध्ये पेट्यांच्या चिठ्ठ्या काढायचा छोटा प्रोग्रॅम आहे, तो टर्मिनलमधूनच, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या विंडोतूनच, चालतो. बागायतदाराचं नाव, चार डझनी की पाच डझनी, वाशीला कुणाच्या गाळ्यावर जायची, एवढं टाकलं की चिठ्ठी छापून येते. हे काम पॅकिंगच्या बायका करतात, म्हणून कॉम्प्युटर मराठीत करून घेतला होता. तो बंद करून पुन्हा चालू केला, तर टर्मिनल उघडेना. क्लिक केलं की माऊसचा बाण थोडा वेळ गरगरायचा आणि गप्प व्हायचा. एरर नाही, काही नाही. बाकी सगळं ठणठणीत. ज्याला विचारावं तो म्हणे, फॉरमॅट मारा.

तुम्ही तसं म्हणाला नाहीत. “आधी काय दिसता ता सांगा,” म्हणालात. विंडो उघडून लगेच मिटते, की उघडतच नाही? या एका प्रश्नात निम्मं काम झालं. उघडून मिटत असेल तर संशय शेलवर, म्हणजे टाइप केलेल्या आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रॅमवर, किंवा त्याच्या बॅशआरसीसारख्या सुरुवातीला वाचल्या जाणाऱ्या फाइलवर. विंडोच येत नसेल तर बिघाड बहुधा टर्मिनलच्या प्रोग्रॅममध्येच. मग खात्री करायला तुम्ही कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकदम दाबायला सांगितलंत. काळा स्क्रीन आला, नाव आणि पासवर्ड टाकला, आणि प्रॉम्प्ट, म्हणजे आज्ञा टाइप करायची जागा, हजर! शेल धडधाकट होता. बिनाविंडोचा असा रस्ता आत असतो हे मला ठाऊकच नव्हतं.

तिथूनच जर्नलसीटीएल या आज्ञेने मशीनने ठेवलेल्या नोंदी काढायला लावल्यात आणि मी एकेक अक्षर फोनवर वाचत गेलो. नेमकी ओळ सापडली: ‘नॉन यूटीएफ-८ लोकेल’, कंसात ‘एएनएसआय एक्स३.४-१९६८’, आणि पुढे ‘सपोर्टेड नाही’. लोकेल म्हणजे भाषेची आणि अक्षरसंचाची सेटिंग, आणि यूटीएफ-८ म्हणजे देवनागरीसकट सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवायची पद्धत. ते १९६८ म्हणजे काय, हे समजावून सांगायला तुम्ही थांबलात, त्याचं मला फार अप्रूप वाटलं. ते आस्कीचं, म्हणजे जुन्या इंग्रजी अक्षरसंचाचं, कागदोपत्री नाव. त्यात जागा १२८, आणि देवनागरीचं एक अक्षरही नाही. मशीनला मराठी निवडल्याची नोंद होती, पण मराठीचं लोकेल डिस्कवर तयारच झालेलं नव्हतं. ते न सापडल्यामुळे मशीन मूळच्या ‘सी’ लोकेलवर, म्हणजे आस्कीवर, गेलं, आणि जीनोम टर्मिनल हा आमच्याकडचा टर्मिनलचा प्रोग्रॅम यूटीएफ-८ नसेल तर सुरूच होत नाही. ‘लोकेल -ए’ने तयार लोकेलांची यादी काढली, तर खरंच त्यात ‘एमआर_आयएन’ (मराठी, भारत) नव्हतं.

इंग्रजीवर परत गेलो असतो तरी टर्मिनल उघडलं असतं. मी तसं विचारलंही. “मराठी कशाला काढताय? ती नीट बसवूया ना,” असं तुम्ही म्हणालात आणि ‘सुडो लोकेल-जेन एमआर_आयएन’ ही मराठीचं लोकेल तयार करायची आज्ञा टाइप करायला लावलीत. नेटसुद्धा लागलं नाही. मशीन रीस्टार्ट केलं आणि टर्मिनल उघडलं. पहिली चिठ्ठी छापून आली तेव्हा शेडमधल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. तुमचा फोन तोवर ठेवला होता, म्हणून हे कळवायचं राहून गेलं.

फॉरमॅट मारला असता तर सीझनभराचा हिशेब पुन्हा बसवत बसावं लागलं असतं. आणि इंग्रजीवर गेलो असतो तर त्या बायकांचं काम त्यांच्या हातून गेलं असतं. दोन्ही टळलं ते तुमच्यामुळे, आणि तेही ओळखदेख नसताना, माझ्या भाच्याने कधीकाळी तुमच्याकडे क्लास केला होता एवढ्याच धाग्यावर.

तुम्ही पैसे घेतले नाहीत. पत्ता तरी कळवा. शेवटच्या काढणीतली एक पाच डझनी पेटी तुमच्यासाठी काढून ठेवलीय, पाऊस लागायच्या आत मालवणात पोचवतो.

आपला,
देवगडचा एक बागायतदार