नवं स्टँड येईपर्यंत आम्ही उभं कुठं राहायचं?

मा. मंत्रिमहोदय,
मंत्रालय, मुंबई

स.न.वि.वि.

मंत्र्यांना पत्र लिहायची माझी ही पहिलीच वेळ. मी सोलापूरची, अक्कलकोट तालुक्यातल्या एका शाळेत शिक्षिका. गेली 27 वर्षं रोज सकाळी स्टँडवरून एसटीनं शाळेला जाते. आपल्याकडे रोज निवेदनांचा ढीग येत असेल, तरी हे पत्र आपण स्वतः शेवटपर्यंत वाचावं, एवढी विनंती.

तीन आठवड्यांपूर्वीच्या रविवारी माझी आई स्टँडवर पडली. तिचं वय 78. पंच्याहत्तरीनंतर एसटीचा प्रवास मोफत झाला तेव्हापासून ती हौसेनं फिरते. कधी तुळजापूर, कधी पंढरपूर, नाहीतर बार्शीला मावशीकडे. जन्मभर विड्या वळत एका जागी बसलेली बाई. हातात कार्ड घेऊन एकटी फिरते, तेव्हा मलाच बरं वाटायचं. त्या दिवशी बार्शीलाच निघाली होती, मी सोडायला गेले होते. पिशवीत कडक भाकरीची चवड, शेंगाचटणीचा डबा आणि मावशीच्या सुनेसाठी घेतलेले दोन टॉवेल.

आम्ही बार्शीच्या फलाटावर अर्धा तास उभ्या होतो. गाडीची घोषणा झाली असेल तर ती कुणालाच कळली नाही, कारण कर्णा नुसता घरघरतो. एकदम पार पलीकडच्या टोकाकडून हाक आली, "बार्शीऽ बार्शी! बार्शीवाले इकडं!" सगळा फलाट लेकरं-पिशव्या घेऊन पळत सुटला. आईही पळाली. जागा नाही मिळाली तर दीड-दोन तास दांडीला लोंबकळत जावं लागतं, हे तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. फलाटाची कड एका ठिकाणी फुटलीय. तिथं काँक्रीटमधून बोटभर जाडीचा गज वर आलाय. लुगड्याचा काठ त्यात अडकला. आवाज आला तो डब्याचा. आई ओरडलीसुद्धा नाही. खाली बसल्यासारखी पडली आणि म्हणाली, "भाकरी बघ गं." मागं येणारी गाडी चालकानं करकचून थांबवली, त्याचे पाय धरले तरी कमी आहेत.

स्ट्रेचर नव्हतं. पाण्याच्या बाटल्या विकणारा एक पोरगा आणि बार्शी गाडीचा वाहक, या दोघांनी तिला बाकड्यावरून उचलून रिक्षात घातलं. खुब्याचं हाड मोडलं होतं. शस्त्रक्रिया झाली. आजवर एक लाख चौऱ्याऐंशी हजार रुपये गेलेत. माझी दिवाळीची रजा गेली, लेकीच्या फीसाठी ठेवलेली एफडी मोडली. आई आता पलंगावर आहे. बेडपॅन द्यायला गेलं की तोंड भिंतीकडे करते. जी बाई कुणाकडून पाण्याचा तांब्या घेत नव्हती, तिला हे सोसावं लागतंय, मंत्रिमहोदय. हाड जुळेल, पण ती पुन्हा एकटी एसटीत चढेल असं मला वाटत नाही.

मी तक्रार द्यायला गेले. तिथल्या माणसानं मला खुर्ची दिली, पाणी दिलं, नीट ऐकून घेतलं. गज दाखवायला मी त्यांना फलाटावर घेऊन गेले, तर खाली वाकून बघितलं आणि म्हणाले, "बाई, नवं स्टँड होणारंय की वो. आता जुन्यावर पैसा कोण घालतंय?"

त्या माणसावर माझा राग नाही. पण त्याच्या या एका वाक्यासाठी मी हे पत्र लिहितेय.

नवं स्टँड होणार, मोठं होणार, विमानतळासारखं बसपोर्ट होणार, हे मी किती वर्षं ऐकतेय याचा मी हिशेब ठेवला नाही. पेपरात रंगीत चित्र येतं. काचेची इमारत, समोर खजुराची झाडं, फलाटावर सूटबूट घातलेली चार माणसं. त्या चित्रात गाठोडं घेतलेली बाई मी कधी बघितली नाही. चित्र आलं की जुन्या स्टँडवरचं दुरुस्तीचं काम थांबतं. पंखा बंद पडला, नवं होणारंय. संडासाची कडी तुटली, नवं होणारंय. फलाटाची कड फुटली, तरी नवं होणारंय. नवं काही होत नाही, आणि त्याच्या नावावर जुनं मात्र मरू दिलं जातं. माझ्या आईचं हाड या ‘होणारंय’नं मोडलं, असं मी म्हटलं तर माझं काय चुकलं?

एसटी तोट्यात आहे, हे आम्हाला माहीत आहे. साठलेला तोटा दहा हजार कोटींच्या वर गेला, हे सरकारनंच 2025 च्या श्वेतपत्रिकेत सांगितलं. त्याच वर्षी जानेवारीत 14.95 टक्के भाडेवाढ झाली, ती आम्ही भरली. 17 मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट झालं. त्याचे आभार मी मनापासून मानते, माझ्या पगाराला त्याचा आधार झाला. तेव्हापासून बायकांची गर्दी वाढलीय हे तुम्हीच भाषणात अभिमानानं सांगता. मग त्या वाढलेल्या बायकांसाठी स्टँडवर एक तरी बाकडं वाढलं का? एक तरी नवा संडास?

संडासाचं बोलतेच आता, लाज कसली. मी 27 वर्षं सकाळी घरातून निघताना पाणी पीत नाही, कारण स्टँडवर जायची सोय असून नसल्यासारखी. दाराला कडी नाही, आत पाणी नाही, बाहेर बसलेला माणूस पाच रुपये मागतो. तीनदा मला लघवीचा संसर्ग झाला, एकदा मुतखड्यासाठी दवाखान्यात राहिले. डॉक्टर म्हणाले, पाणी प्या. ते कुठं सोडायचं हे त्यांनी सांगितलं नाही. माझ्यासारख्या शिक्षिका, नर्स, अंगणवाडीताई, कॉलेजच्या पोरी रोज हेच करतात. एकमेकींना सांगतोही, "आज सकाळपासून घोटभर नाही घेतलं." आणि सोलापूरचा उन्हाळा तुम्हाला माहीत नसेल तर सांगते, एप्रिल-मेमध्ये इथं 43-44 अंश असतात.

म्हणून त्या काचेच्या चित्राची मला भीती वाटते. नकाशा काढणाऱ्याला मे महिन्यात दुपारी दोन वाजता आमच्या फलाटावर अर्धा तास उभा करा. इथं काच नको. उंच छप्पर, खोल पडवी आणि दोन्ही अंगांनी वारा हवा. आत्ता गाड्या फलाटाला तोंड लावून उभ्या राहतात आणि निघताना मागं घेतात. वाहक मागं जाऊन पत्र्यावर थाप मारतो, "येऊ द्या, येऊ द्या", आणि त्याच वाटेनं म्हातारी माणसं, लेकरं, वडापाववाले चालत असतात. मोठं स्टँड बांधायचं तर माणसांची वाट आणि गाडीची वाट आधी वेगळी काढा. दुकानांचे गाळे नंतर.

आमचं शहर सीमेवरचं. विजापूर, इंडी, कलबुर्गीच्या गाड्या रोज येतात, गाणगापूरला जाणारी भाविक मंडळी इथंच गाडी बदलतात. कन्नड बोलणाऱ्या आज्या माझ्या हाताला धरून विचारतात, "ही गाडी कुठली?" पाट्या मराठीबरोबर कन्नडमध्येही लावल्या तर कुणाचं काय बिघडेल? संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा, आषाढीला पंढरपूर, नवरात्रात तुळजापूर. कोजागिरीला आमच्याकडची हजारो माणसं रात्रभर चालत तुळजापूरला जातात आणि पायाला फोड आलेल्या अवस्थेत एसटीनं परततात. या दिवसांची गर्दी धरून नकाशा काढलाय का? की सोमवारी सकाळी अकरा वाजता कुणीतरी येऊन डोकी मोजून गेलं?

आणि चालक-वाहक. मुक्कामी गाडी घेऊन आलेले लोक कुठं झोपतात ते एकदा जाऊन बघा. पहाटे पाचची गाडी हाकणाऱ्या माणसाला रात्रभर डास आणि उकाडा. त्याच्या स्टेअरिंगवर आमचे पन्नास जीव असतात.

2025 च्या फेब्रुवारीत पुण्याच्या स्वारगेटला उभ्या एसटीत एका मुलीवर अत्याचार झाला. तेव्हा राज्यभरच्या स्टँडांची सुरक्षा तपासायचे आदेश निघाले. त्यानंतर आठवडाभर माझ्या लेकीला मी फोनवर सांगत होते, एकटी जाऊ नकोस, मागच्या बाजूला जाऊ नकोस. स्टँडवर दिवे लावायच्या ऐवजी पोरींना घरात ठेवायचं, हे किती दिवस चालायचं?

आता पैशाचं. खाजगी भागीदारीतून बांधायचं, बिल्डरनं बांधायचं, वापरायचं, मग परत द्यायचं, असं ठरतं. एसटीच्या जमिनी आता 49 अधिक 49, म्हणजे 98 वर्षांपर्यंत भाडेपट्ट्यानं देता येणार. 98 वर्षं! एसटीची पहिली गाडी पुणे-नगर मार्गावर धावली ती 1 जून 1948 ला. अजून एसटीलाच 98 वर्षं झालेली नाहीत, आणि तेवढ्या काळासाठी गावाच्या मध्यावरची जागा देऊन टाकायची. पुढं मॉल होईल, वर हॉटेल होईल, आणि तळघराच्या धुरात आमची लालपरी. ही जागा एसटीत बसणाऱ्यांची आहे, त्यात आधी बसायला जागा आम्हाला मिळाली पाहिजे. उरलेल्यात गाळे काढा, भाडं घ्या, तोटा भरा, माझी हरकत नाही. कुठल्या मजल्यावर किती जागा एसटीला आणि किती दुकानाला, हे करार करायच्या आधी स्टँडच्या भिंतीवर लावा. मराठीत लावा. मी वाचेन, माझ्या वर्गातली पोरंही वाचतील.

काम सुरू झाल्यावर गाड्या कुठं उभ्या राहणार, हेही आधी सांगा. पुण्याचं शिवाजीनगर स्टँड मेट्रोसाठी 2019 च्या डिसेंबरअखेर वाकडेवाडीला हलवलं. तात्पुरतं म्हणून. मूल जन्मून शाळेत जायला लागेल एवढा काळ ते तात्पुरतं राहिलं. आम्हाला उद्या पुणे नाक्यापलीकडं कुठंतरी पत्र्याच्या शेडमध्ये नेऊन टाकलं, तर रात्री अकराला उतरलेल्या बाईनं अशोक चौकात घरी कसं जायचं? रिक्षाला दीडशे-दोनशे घालायचे? शहरात सिटी बस किती उरल्यात ते सोलापूरकरांना विचारा.

मला राग याचाही येतो की या शहरात पैसा आणि इच्छा नाही असं नाही. 2016 साली स्मार्ट सिटीच्या पहिल्याच वीस शहरांत आमचं नाव होतं. 2023 च्या फेब्रुवारीत मुंबईची वंदे भारत सुरू झाली. विमानाला अडसर होतो म्हणून साखर कारखान्याची अख्खी चिमणी त्याच वर्षी जूनमध्ये पाडली, पोलीस बंदोबस्तात, जमावबंदी लावून. 9 जून 2025 ला गोव्याचं विमान उडालं. चांगलं झालं, उडू दे. पण विमानासाठी गगनाला भिडलेली चिमणी पाडता येते, आणि एसटीच्या माणसासाठी बोटभर गज कापता येत नाही? हॅक्सॉ ब्लेडनं दहा मिनिटांचं काम आहे. माझ्या शाळेचा शिपाई करील, पण तुमच्या मालमत्तेला त्यानं हात लावला तर गुन्हा दाखल होईल.

विमानात बसणाऱ्यांना तुम्ही ओळखता, ते तुमच्या शेजारच्या सीटवर असतात. पहाटेच्या गाडीला भाजीच्या पाट्या चढवणाऱ्या बाया, परीक्षेला जाणारी पोरं, तारखेला कोर्टात निघालेला शेतकरी तुम्हाला फक्त सभेच्या दिवशी दिसतो, आणि त्या सभेला त्याला आणतात तेही एसटीनंच. त्या दिवशी आमच्या रोजच्या फेऱ्या रद्द असतात. मी कितीदा त्या दिवशी शाळेला उशिरा पोचले आणि लेटमार्क घेतलाय.

मला भूमिपूजनाचं निमंत्रण नको, नुकसानभरपाईचा अर्जही मी करणार नाही, आईला ते आवडणार नाही. नवं स्टँड बांधा, लवकर बांधा, मोठं बांधा. पण त्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत जुनं स्टँड असं चालवा की दुसरं कधी होणारच नाही. दिवे, कड्या, कर्णा, पंखे, स्ट्रेचर. आणि तो गज.

रजा संपली, मी परत रोज जातेय. साडेसहाच्या गाडीची वाट बघत त्याच फलाटावर उभी असते. आईच्या त्याच लुगड्याचा काठ फाडून मी लाल पट्टी गजाला बांधली, लोकांना लांबून दिसावं म्हणून. दोनदा कुणीतरी ती सोडून नेली. काल तिसऱ्यांदा बांधलीय, दोन गाठी मारून. गज कापणारा माणूस पाठवाल तेव्हा त्याला जागा शोधावी लागणार नाही.

आपली,
रोज साडेसहाच्या गाडीनं जाणारी एक शिक्षिका,
सोलापूर