अंगठा उमटत नाही, साहेब

मा. कौशल्य विकास मंत्री महोदय,
स. न. वि. वि.

प्रशिक्षण केंद्रांचं थकलेलं अनुदान मार्चअखेर खात्यावर जमा होईल, असं आढावा बैठकीत आपण माइकवरून सांगितलंत. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो. मार्च गेला. काल पोर्टलवर शेरा आला : 'उपस्थिती अपुरी, दुसरा हप्ता नामंजूर.'

शाळा अर्ध्यात सुटलेल्या पोरांना मी वायरिंग शिकवतो. सकाळी ती सेंट्रिंगवर नाहीतर वीटभट्टीवर असतात, दुपारनंतर माझ्याकडे. सिमेंटनं बोटांच्या रेषा खाल्ल्यात. हजेरीच्या यंत्रावर अंगठा ठेवला की लाल दिवा. पुसून ठेवा, खोबरेल लावून ठेवा, दुसरं बोट ठेवा, दिवा लालच. पोरगं माझ्यासमोर स्विचबोर्ड जोडतंय आणि पोर्टलवर गैरहजर! मंत्र्यांच्या गाड्यांवरचा लाल दिवा २०१७ साली गेला म्हणतात. तो इकडे आला असावा. लेखी कळवलं, हजेरीपट जोडला, फोटो जोडले. उत्तर आलं, 'सिस्टिम घेत नाही.'

इकडे जागेचं भाडं तुंबलं. शिकवणाऱ्या निदेशकाचा पगार उसनवारी करून देत होतो, शेवटी तोही सोडून गेला. ड्रिल, मल्टिमीटर, केबलसाठी काढलेल्या कर्जाचे हप्ते चुकले, सिबिल पडला, आता बँक दारात उभं करत नाही. घरात कुणी काही विचारत नाही, हेच जास्त लागतं. रक्तदाबाची गोळी सुरू झाली आहे. तिचं अनुदान मागत नाही, घाबरू नका.

मागणं एवढंच, की थकबाकी द्या आणि अंगठा उमटत नाही तिथे हजेरीपट धरा. शेवटच्या हप्त्यासाठी पोराच्या नोकरीचं तीन महिन्यांचं पगारपत्रक मागता, तेही सोडा. ठेकेदाराच्या हाताखाली राबणाऱ्या पोराला रोजी रोख मिळते. पगारपत्रक काय त्यानं स्वतः छापायचं?

आणि एवढी कडक सिस्टिम फक्त आमच्यासाठीच का? डिसेंबर २०२५ मध्ये संसदेत आलेला कॅगचा, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्यांचा, अहवाल वाचलात ना? प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेच्या दोन टप्प्यांत ९५ लाखांवर उमेदवार, त्यातल्या ९० लाखांहून जास्त जणांच्या बँक खात्याचा रकाना कोरा, नाहीतर शून्य. काहींचा खाते क्रमांक म्हणजे नुसते एकावर एक, '११११११'. तो सिस्टिमनं घेतला! अल्पमुदतीच्या प्रशिक्षणात प्रमाणपत्र मिळवलेल्या शंभरांतले ४१ नोकरीला लागले. बाकीच्यांचे पैसे कुणी जेवले, हे विचारणारा मी कोण? माझी तर उपस्थिती अपुरी.

आपली राज्याची युवा कार्यप्रशिक्षण योजना घ्या. बारावी झालेल्याला महिना ६,००० रुपये, पदवीधराला १०,०००. मिळू देत, माझा आक्षेप नाही. पण नववीत शाळा सुटलेल्याला? काहीच नाही. अट किमान बारावीची. ज्याच्या हाताला कामाची खरी गरज, तोच दाराबाहेर. आणि वर 'तरुणांना कष्ट नकोत' अशी भाषणं आम्हीच ऐकायची.

ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्यात एका दिवसात ५११ ग्रामीण कौशल्य केंद्रांचं उद्घाटन झालं. त्यातली आज किती चालू आहेत आणि कुणाला किती हप्ते मिळाले, ती यादी जाहीर करा. नवीन फिती त्यानंतर कापा.

आपला,
एक प्रशिक्षण केंद्रचालक