ढगाळ हवेत टोपी कशाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला ऊन आणि त्वचेवरचा लेख मी वाचून सोडून दिला असता. पण काल नातीच्या शाळेत गेलो, तर सरांनी त्याच लेखाचं कात्रण माझ्यापुढे धरलं. ‘त्वचेचा कर्करोग कडक उष्णतेने होतो, पावसाळ्यात काळजीचं कारण नाही’ या ओळीखाली लाल पेनाने रेघ. वर, “बाबा, हे बघा, पेपरातच आलंय.”

माझ्या नातीला झिरोडर्मा पिगमेंटोसम आहे, म्हणजे ऊन अजिबात न सोसणारा जन्मजात आजार. गावातल्या काहींच्या मते ते सुनेने ग्रहणात विळी हातात धरल्याचं फळ. त्यांचं सोडा, ते पुरवणी काढत नाहीत. उन्हातले अतिनील किरण कातडीच्या पेशीत शिरले की डीएनएच्या साखळीतले शेजारशेजारचे दोन दुवे एकमेकांना चिकटतात. तुमच्या-माझ्या पेशी तो बिघडलेला तुकडा कापून नवा बसवतात. २०१५ चं रसायनशास्त्राचं नोबेल तिघांना मिळालं, त्यांतल्या अझीझ सांजार यांचं काम याच दुरुस्तीवर. आमच्या पोरीच्या पेशींना ती दुरुस्ती जमत नाही. चुका साठत जातात आणि पेशींच्या वाढीला लगाम घालणारं पी-५३ सारखं जनुकच त्यात सापडलं, की कर्करोगाला वाट मोकळी. विशीच्या आत अशा मुलांना त्वचेच्या कर्करोगाचा धोका इतरांच्या जवळपास १०,००० पट असतो. यात उष्णता कुठे आली? पातळ ढगांतून हे किरण बरेचसे खाली उतरतात. काही तर खिडकीच्या काचेतूनही येतात, म्हणून मुलाने घरातल्या सगळ्या काचांना फिल्म लावून घेतली आहे.

शाळेत पंधरा ऑगस्टच्या कवायतीची तालीम होती. रुंद काठाची टोपी गणवेशात बसत नाही म्हणून उतरवायला लावली, बाह्याही दुमडायला लावल्या. डॉक्टरांची चिठ्ठी शाळेच्या फाइलला लागलेली आहे, ती लागलेलीच राहिली. पोर घरी आली तेव्हा कपाळ नि मनगटं लालबुंद, डोळे उघडवेनात. टोपी दप्तराच्या कप्प्यात पाण्याच्या बाटलीमागे कोंबलेली. याच सरांच्या केळीच्या बागेत घडांना ऊन लागून डाग पडू नयेत म्हणून पिशव्या चढवलेल्या मी पाहिल्या आहेत. घडाला पिशवी चालते, पोरीला टोपी चालत नाही!

‘आपल्या सावळ्या रंगाला हा आजार होत नाही’ हेही आपल्या लेखकाने ठोकून दिलं आहे. त्वचेचा कर्करोग कमी होतो, हे खरं. त्वचेतलं मेलॅनिन बरेच किरण अडवतं, सगळे नाही. आणि दुरुस्तीच बंद असलेल्या पोरीला ते किती पुरणार?

तरी कृपा करून खुलासा छापावा, तोही लेखाएवढ्याच अक्षरांत. निधनवार्तांच्या खाली कोपऱ्यात नको. मी त्याचं कात्रण लॅमिनेट करून तिच्या दप्तरात ठेवीन. आमच्याकडे डॉक्टरांच्या चिठ्ठीपेक्षा पेपराला मान जास्त आहे, हे काल कळलंच.

आणि हो, सावळ्या रंगाचं एवढं कौतुक करणाऱ्या त्या लेखाशेजारी सात दिवसांत गोरं करणाऱ्या क्रीमची अर्धं पान जाहिरात होती. ती आपल्यापैकी कोणी वाचली होती का?

आपला,
एक जुना वर्गणीदार
यावल, जि. जळगाव