संयुक्त वाक्य ओळखण्यापुरते नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सहावी ते आठवीच्या वर्गांत संयुक्त वाक्य (दोन स्वतंत्र वाक्ये जोडून झालेले) शिकवले जाते, ते बहुधा ओळखण्यापुरतेच. ‘आणि’, ‘किंवा’, ‘पण’, ‘म्हणून’ दिसले की संयुक्त आणि ‘कारण’ किंवा ‘जर-तर’ दिसले की मिश्र (एक मुख्य वाक्य आणि दुसरे त्यावर अवलंबून), एवढी खूणगाठ बांधून मुले बहुपर्यायी प्रश्नांत गुण मिळवतात. मात्र तीच मुले निबंध लिहायला बसली की तुटक वाक्ये लिहितात किंवा पानभर ‘आणि मग’ लावत जातात.

यावर जोडणीच्या सरावाखेरीज दुसरा उपाय मला दिसत नाही. ‘यंत्रमाग बंद होते’ आणि ‘बाबा घरी होते’ ही सोलापुरातील कोणत्याही वर्गाला कळणारी दोन वाक्ये फळ्यावर लिहावीत. ‘यंत्रमाग बंद होते म्हणून बाबा घरी होते’ असे जोडले तर कारखान्याची अडचण कळते. क्रम उलटवून ‘बाबा घरी होते म्हणून यंत्रमाग बंद होते’ असे लिहिले की सारा दोष बाबांवर येतो. आणि पहिल्या वाक्यात ‘म्हणून’च्या जागी ‘पण’ घातले तर अर्थ विसंगत वाटतो. वर्ग हसतो तेव्हा उभयान्वयी अव्यय, म्हणजे वाक्ये जोडणारा शब्द, कळलेले असते, त्याच्या पोटप्रकारांची नावे नंतर सांगितली तरी चालतात. (‘बाबा घरी होते, कारण यंत्रमाग बंद होते’ हे अर्थाने तेच असूनही व्याकरणात मिश्र ठरते, यावरून सहावीच्या मुलाचा गुण कापणे मला तरी पटत नाही.)

आपल्या शहरात आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. अनेक मुलांच्या घरी तेलुगू किंवा कन्नड बोलतात. ‘जाऊन’, ‘घेऊन’, ‘येऊन’ अशी रूपे मराठीप्रमाणे त्या भाषांतही आहेत, त्यामुळे ‘दुकानात जाऊन वही घेऊन घरी आलो’ हे वाक्य त्यांना सहज साधते. ते शुद्ध आहे, पण केवल वाक्य (एकच विधान असलेले) आहे, आणि दोन कर्ते आले की बहुधा ही सोय संपते. ‘आई कामावर जाऊन मी भात लावला’ असे वाक्य वहीत सापडते, तेव्हा नुसती लाल रेघ ओढण्याऐवजी ‘आई कामावर गेली आणि मी भात लावला’ हे मुलाकडूनच काढून घ्यावे. संयुक्त वाक्याची गरज त्याला तिथे खरोखर पटते.

‘पण’च्या आधी अर्धविराम द्यावा, असे व्याकरणाच्या पुस्तकांत असते आणि वर्तमानपत्रांत बहुधा स्वल्पविराम छापलेला दिसतो. या वादात या वयाच्या मुलांना ओढू नये.

माझी सूचना साधी आहे. घटक चाचणीत ‘वाक्याचा प्रकार ओळखा’ या प्रश्नाऐवजी दोन सुटी वाक्ये द्यावीत, ती दोन वेगवेगळ्या अव्ययांनी जोडायला सांगावे आणि अर्थात काय फरक पडला, ते एका ओळीत लिहून घ्यावे. असे उत्तर तपासायला वेळ अधिक लागेल, हे मान्य आहे. पण मुख्याध्यापकांनी निदान एका सत्रापुरती तेवढी सवलत शिक्षकांना द्यावी.

आपली,
एक निवृत्त मराठी शिक्षिका, सोलापूर